मोबाईल बघून घातलेल्या फरश्या

पोलिसाकडं किस्से असतात, डॉक्टरकडं असतात, हे लोकांना पटतं. पण फरशीवाल्याकडं कसले आलेत किस्से, असं परवा एका लग्नात एकानं मला विचारलं. मी म्हणालो, "बस बाबा, पंगतीला वेळ हाय अजून." पंगत उठली, हात धुऊन झाले, मंडपवाले खुर्च्या गोळा करायला लागले, तरी माझं चालूच! एक सांगायला गेलं की त्याच्या मागं दुसरा उभाच असतो. बायको कोपरानं ढोसते तेव्हाच मी थांबतो.

आमचं काम जरा उलटं आहे. नवीन फरशी आम्ही घालत नाही. आधी घालायचो. पण आता नांदेडात काय, लातुरात काय, जो उठतो तो मोबाईलवर व्हिडिओ बघतो, टाइल्स आणतो, केमिकलची पोती आणतो आणि स्वतःच गुडघ्यावर बसतो. व्हिडिओतल्या माणसाच्या पँटला डागसुद्धा लागत नाही. "ह्यात काय मोठं हाय?" म्हणतात. मग पहिला उन्हाळा जातो, नाहीतर पहिला पावसाळा, आणि आम्हाला फोन येतो. दुसऱ्याच्या चुका उखडायच्या, हा आमचा धंदा. आणि चुका काय कमी व्हायचं नाव घेईनात!

आम्ही तिघं आहोत. बोलणं, माप घेणं आणि टेम्पो चालवणं माझ्याकडं. गफ्फारभाई कटर चालवतात. आणि मिस्त्री म्हणजे आमचे नागोरावमामा. भोकरकडचे. नात्यानं आमच्यातल्या कुणाचेच मामा नाहीत, पण सगळा गाव त्यांना मामाच म्हणतो. कामाला हात लावायच्या आधी थापीच्या दांड्यानं फरशी ठोकत घरभर फिरायचं आणि पोकळ वाजली की तिथं खडूची फुली मारायची, ही त्यांची पद्धत. बोलणं कमी. बोलले तर फुलीपुरतं.

पण ठोकताना मामांचं अर्धं ध्यान लातुरात असायचं. मामी लवकर गेल्या. मागं एकुलती एक लेक, ज्योती. तिला लातुरात दिली. बरीच वर्षं मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, आणि आता कुठं तिला दिवस गेले होते. आणि ती राहायची त्या नव्या घराची फरशी जावयानं, अंगदरावांनी, स्वतः घातलेली होती. मोबाईल बघून! फरशीमिस्त्र्याचा जावई! हॉल पोकळ वाजायचा आणि स्वयंपाकघराच्या दारातली टाइल एका बाजूनं उचलली होती.

मामांचं एकच म्हणणं होतं, "लेकरू व्हायच्या आधी मला ती फरशी काढू द्या." जावयाचं उत्तरही एकच होतं. "बघू."

म्हणून रोज दुपारी डबा सोडायच्या आधी मामांचा लातूरला फोन जायचा. "ज्योते, दारातून येताना खाली बघून येत जा गं माय." ती तिकडून हसायची, ते आम्हाला इकडं ऐकू यायचं.

*

भोकरला एक रिटायर झालेले कंडक्टर होते. नवं घर बांधलं, दारं आधी बसवली आणि फरशी मागून स्वतः घातली. खालचा माल इतका जाड झाला की आतल्या खोलीचं दार निम्म्यातच फरशीवर अडायला लागलं. माणसानं दार तासून घ्यावं की नाही? हे म्हणाले, "तिरपं होऊन जाता येतंय की!"

त्या खोलीत त्यांचे वडील राहायचे. अण्णा. लई म्हातारे आणि लई हट्टी. दुसरा मुलगा हिमायतनगरला, तो म्हणायचा थोडे दिवस आमच्याकडं चला. अण्णा म्हणायचे, "आता मला ह्या घरातून कुणी हलवू शकत न्हाई."

अण्णा त्याच खोलीत गेले. बाहेर तिरडी बांधून झाली, माणसं जमली, आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की अण्णांना आडवं बाहेर काढता येईना. बसवून काढावं तर अंग ताठलेलं. दार बिजागरीतून काढावं तर ते खाली घट्ट अडकलेलं आणि स्क्रू सगळे दाराआड. त्या दिवशी आम्ही मागच्याच गल्लीत होतो. शेजारी पळत आला, "कटर घेऊन चला, मयतीचं काम हाय!"

गफ्फारभाईंनी आयुष्यात असलं काम केलं नव्हतं. आत बायका रडायल्या, मध्ये कटर बोंबलतोय, आणि लाकडाचा न् टाइलचा भुगा अण्णांच्या तोंडावर उडतोय. सून मध्येच पदरानं त्यांचं तोंड पुसायची आणि पुन्हा रडायला लागायची. 

दार निघालं. अण्णा निघाले. तेवढ्यात कंडक्टरसाहेब कुणाला म्हणून नाही, असंच बोलले, "म्हणले होते. हलवू शकत न्हाई म्हणून म्हणले होते." आधी एक म्हातारी हसली. मग दुसरी. मग सगळं घर हसत हसत रडायला लागलं. असं रडणं मी आजवर पाहिलं नव्हतं.

स्मशानातून परत आल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, बाकीच्या खोल्यांची फरशी खाली घ्यायला कधी येता?"

मामांनी टेम्पोत बसल्या बसल्या फोन लावला. "ज्योते, तुझ्या घरची दारं पुरी उघडतात का गं?"

*

हिमायतनगरला किसनराव म्हणून एक होते. रस्त्याच्या कामात शेत गेलं, त्याचा मोबदला आला, त्यातून गावात घर बांधलं. आता जोत्यात भर काय टाकायची? मुरूम. शाळेतल्या पोरालाही कळतं. ह्यांनी काळी माती टाकली! ट्रॅक्टरनं आणून, पाणी मारून, वर स्वतः फरशी घातली.

काळ्या मातीचं तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घरातली फरशी मृगात वर यायची आणि शिमग्यात खाली बसायची. कपाटाची दारं आपोआप उघडायची. नातू गोट्या खेळायला बसला की गोट्या ज्याच्या त्याच्या मनानं जायच्या.

मी वैतागून म्हणालो, "किसनराव, पांढरा मुरूम गावाच्या कडेला पडलाय, आणि तुम्ही इतक्या लांबून ही माती वाहून आणली? कुणी सांगितलं होतं?"

ते म्हणाले, "माझ्या शेतातली हाय. रस्त्याची मशीन यायच्या आधी काढून आणली."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. मामांनी खडू खिशात ठेवला. ह्या घरात फुल्या मारायचं कामच नव्हतं, सगळंच काढायचं होतं.

माती निघायला लागली तसे किसनराव टोपल्यांच्या मागं मागं फिरायला लागले. "कुठं टाकणार?" मी म्हणालो, "टाकू कुठंतरी खड्ड्यात." ते ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तरी हलेनात. शेवटी सगळी माती त्यांच्याच परसात ओतली. परस भरून गेलं. म्हशीला बांधायला जागा उरली नाही.

फरशी मात्र झकास झाली. दिवाळीनंतर कसं काय म्हणून फोन केला तर त्यांच्या बायकोनं उचलला. "फरशी लई चांगली बसली भाऊ. पण आता आमचा माणूस घरात येईना. मागं त्या मातीवर बाज टाकून झोपायलाय!"

*

नांदेडात एक सर आहेत. कॉलेजात शिकवतात. त्यांनी बाथरूमची फरशी घातली आणि ढाळ दिला तो दाराकडं. मोरीचं भोक वर आणि दार खाली! आंघोळ केली की पाणी हॉलमध्ये.

आम्ही गेलो तेव्हा सर म्हणाले, "तसा फार प्रॉब्लेम नाही. थोडंसंच पाणी येतं."

मॅडम मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वायपर माझ्या हातात हाय, म्हणून ह्यांना थोडंसं वाटतं."

सर आंघोळीला गेले की मॅडमनी वायपर घेऊन दारात बसायचं. पोरं गेली की पुन्हा बसायचं. पाहुणे आले तर पाहुण्यांच्या आंघोळीलाही बसायचं. घर नवं घेतल्यापासून हेच. एकदा त्यांना ताप होता, तर सरांनी त्या दिवशी आंघोळ केली नाही. "माझी काळजी म्हणून नव्हे हो," मॅडम म्हणाल्या, "पुसणार कोण म्हणून."

आम्ही ढाळ मोरीकडं काढून दिला. बादली ओतून दाखवली. पाणी सुतासारखं सरळ मोरीत गेलं. मॅडम कितीतरी वेळ तिथं बघत उभ्या होत्या. मला वाटलं खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन. म्हटलं, मेलो! गळतंय की काय! सर म्हणाले, "पाणी बरोबर जातंय. पण ही माहेरी निघून गेली. म्हणते, आता माझं इथं काही काम राहिलं न्हाई."

"परत कधी येणार?" मी विचारलं.

सर म्हणाले, "त्याबद्दल ती तुम्हाला काही बोलली का?"

*

लातूरकडचा किस्सा मी शक्यतो जेवताना सांगत नाही. एका पोरानं, चांगल्या शिकलेल्या पोरानं, हॉलची फरशी भिंतीपासून भिंतीपर्यंत गच्च बसवली. कडेला बोटभर जागा सोडायची असते. उन्हानं टाइल ताणते, तिला हात-पाय पसरायला जागा लागते. हा म्हणाला, "गॅप ठेवला की घाण अडकते."

मे महिन्यातल्या भर दुपारी मधल्या टाइल्स एकदम वर उठल्या. धाडकन! आवाज असा की शेजारच्या घरातली भांडी हलली. अख्खं घर रस्त्यावर पळालं. पोराची आई सगळ्यात पुढं. अनवाणी, त्या तापलेल्या डांबरावर. ती तरणी असताना मोठ्या भूकंपात तिचं अख्खं माहेर घराखाली गेलं होतं. तिला तेवढं बाहेर ओढून काढलं होतं.

ती परत घरात आलीच नाही. समोर रिकाम्या प्लॉटवर पत्र्याचं शेड होतं, त्यात जाऊन बसली. पोरगा रडकुंडीला येऊन आम्हाला म्हणाला, "काही करा, लवकर नीट करा, मी आईला दाखवतो की फरशीच होती."

आम्ही नीट केली. कडेनं जागा सोडली, पट्टी मारली. पोरगा आईचा हात धरून शेडपासून दारापर्यंत घेऊन आला. "बघ आई. फरशीच फुगली होती. काही न्हाई. चल आत, झोप पंख्याखाली."

म्हातारी उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. फरशीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. म्हणाली, "तवाबी बारके बारके धक्के बसायचे, आन् मोठी मोठी माणसं येऊन आम्हाला हेच सांगून जायची. काय न्हाई, घरात जा, झोपा."

मागं वळली आणि शेडकडं चालत गेली. पोरगा तिथंच खाली बसला. आम्ही तिघांनी अवजारं उचलली, कुणी कुणाकडं बघितलं नाही.

लातुरात होतोच, म्हणून मामा म्हणाले ज्योतीकडं जाऊन येऊ. मला नाही म्हणवलं नाही. ज्योतीनं दार उघडलं. पोट दिसायला लागलं होतं, तोंडावर तेज आलं होतं. मामांनी आत पाय ठेवला तोच थापी काढली आणि ठोकायला सुरुवात केली. हॉल, स्वयंपाकघर, दार. जिथं पोकळ तिथं फुली. बघता बघता सगळं घर फुल्यांनी भरलं.

तेवढ्यात अंगदराव ड्युटीवरून आले. दारातच उभे राहिले. "मामा, हे काय करायलाव?"

मामा म्हणाले, "पाव्हणं, एवढं ऐका माझं. पोरगी पडंल."

अंगदराव वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणतो. कारखान्यातून थकून आल्यावर रोज थोडी थोडी करून त्यानं ती फरशी घातली होती. तो म्हणाला, "एकेक टाइल माझ्या हातची हाय, मामा. उद्या तुम्ही बदलून दिली की भावकी म्हणणार, घर सासऱ्यानं उभं करून दिलं. आधीच मला कमी बोलतात का?"

त्यानं ओलं फडकं आणलं आणि गुडघ्यावर बसून सगळ्या फुल्या पुसून काढल्या. स्वतः. ज्योती भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मी बघून चालते. तुम्ही जा." मला जावयाचा असा राग आला की हातात हातोडा होता, तो मी टेम्पोत नेऊन टाकला.

मामा दारात म्हणाले, "पाव्हणं, सातव्यात मी न्यायला येतो तिला. पहिलं बाळंतपण माझ्याकडं."

अंगदराव म्हणाले, "हाव, न्या की."

*

आता शेवटचा सांगतो.

न्यायला जायचा दिवस ठरला होता. मामांनी भोकरच्या घरात ज्योतीसाठी खोली सारवून, चुना मारून ठेवली होती. त्याच्या आधीच ती पडली. स्वयंपाकघराच्या दारात, त्याच टाइलला पाय लागून. हातात पाण्याची कळशी होती. पोटावरच पडली. दवाखान्यात नेलं, लेकरू तेव्हाच झालं, आणि राहिलं नाही. पडण्यानं झालं की दुसऱ्या कशानं, ते डॉक्टर काही बोलले नाहीत.

मामा नांदेडच्या कामावरून पोचेपर्यंत लेकराला मातीसुद्धा देऊन आले होते. मामांना तोंड बघायला मिळालं नाही. मुलगी होती, एवढं त्यांना कळलं. ते परत आले आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर. आम्ही नको म्हणालो. ते म्हणाले, "घरी बसून काय करू?" दुपारी डबा सोडायच्या वेळी खिशातून फोन काढला, हातात धरून बसले, आणि पुन्हा खिशात ठेवला.

मग एक दिवस मला फोन आला. अंगदरावांचा. मामांना नाही, मला. "भाऊ, मामांना घेऊन या. फरशी काढायचीय. सगळी."

आम्ही गेलो. ज्योती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली. माहेरी चल म्हटलं तर येत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. तिची सासू गावाहून आली होती. ती बाई आम्हाला बघून म्हणाली, "झालं ते झालं बघा. अपुऱ्या दिवसाचं ते, त्याला काय लेकरू म्हणतेत का? रडलंबी न्हाई ते. पोर जवान हाय, दुसरं होईल. हिनं झालंच न्हाई असं समजावं, तर ही बाई ऐकंना." मनानं वाईट नसावी ती. तिला तसंच शिकवलेलं असणार. पण मला तिथं उभं राहवेना.

तिनं पाण्याचे पेले आणले. मी घेतला, गफ्फारभाईंनी घेतला. मामांनी नुसता हात वर केला. सासूनं पेला मुकाट्यानं परत नेला, तिला माहीत होतं. आमच्याकडं बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. तिच्या पोटी लेकरू जन्माला येईपर्यंत नाही. मग खुशाल जेवतो, राहतो. तोवर नाही. एवढ्या वर्षांत मामा त्या घरात आले की पिशवीत आपली बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊनच यायचे. आजही आणली होती.

अंगदराव म्हणाले, "पहिली टाइल मी काढतो." दारातलीच. मी छिन्नी दिली. तो वेड्यासारखा हातोडा मारायला लागला. टाइलचे तुकडे तोंडावर उडायले, तरी थांबेना. मामा त्याच्या शेजारी बसले, त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "पाव्हणं, मधी न्हाई. कडंनं मारा. बोटं जातील." अंगदरावानं हातोडा खाली टाकला आणि तिथंच, त्या भुग्यात, मोठ्यानं रडला. मामा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मी बाहेर जाऊन टेम्पोचं टायर बघत उभा राहिलो. टायरला काही झालं नव्हतं.

मग काम चाललं. रोज सकाळी यायचं, संध्याकाळी लातुरातच गफ्फारभाईंच्या मेहुण्याकडं मुक्काम करायचा. अंगदरावानं रजा घेतली होती. तो माल कालवायचा, टाइल्स उचलून द्यायचा, मामा सांगतील तसं करायचा. मामांची बाटली संपली की ते कोपऱ्यावरच्या नळावर जाऊन भरून आणायचे, भर उन्हात. ज्योती कुठल्या खोलीत आहे त्यावरून आम्ही खोली ठरवायचो. ती उठून दुसरीकडं जायची, आम्ही पहिली उखडायचो. 

शेवटच्या दिवशी सांध्यांत भरलेलं ग्राउट पुसून झालं. सुकलं. मामांनी थापी घेतली आणि घर ठोकायला सुरुवात केली. हॉल, आतली खोली, स्वयंपाकघर, दार. सगळीकडं भरीव आवाज. कुठंच फुली मारावी लागली नाही. गफ्फारभाई कटरची वायर गुंडाळत होते. अंगदराव भिंतीशी उभा होता.

तेवढ्यात ज्योती बाहेर आली. आम्ही आल्यापासून पहिल्यांदा आपणहून आली. अनवाणी, भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत. स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"बाबा."

मामा गुडघ्यावरच होते. "काय गं माय?"

"ती रडली होती."

तिनं दाराची चौकट धरली.

"हे सगळे म्हणतेत न्हाई रडली. मी ऐकलं, बाबा. बारीक आवाज होता. एकदाच. पण रडली होती."

आतून सासूचा आवाज आला, "ज्योती, नगं गं माय पुन्हा ते काढू. झालं ना आता."

मामा उठले. बादलीत हात बुडवून धुतले, कोपरापर्यंत. धोतराला पुसले. मग त्या नव्या फरशीवर, दाराच्या अगदी समोर, मांडी घालून बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ज्योते, पाणी दे."

ज्योतीला कळलं नाही. तिनं इकडं तिकडं बघितलं. मामांची बाटली भिंतीशी होती, निम्मी भरलेली. "बाबा, तुमची बाटली हितंच हाय की."

"तुझ्या घरचं दे."

सासू दारात आली. ती काहीतरी बोलणार होती. अंगदराव म्हणाला, "आई, थांब."

ज्योती आत गेली. माठाचं झाकण वाजलं. ती तांब्या भरून घेऊन आली, वर पेला उपडा ठेवलेला. पाणी फरशीवर सांडत होतं. मामांनी पेला काढून बाजूला ठेवला, तांब्याच तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्याले. न थांबता.

रिकामा तांब्या तिच्यापुढं धरला आणि म्हणाले, "आजून आन."